एल्डनची तिसरी गोळी

मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात एल्डन स्कोगइतका संशयी माणूस मी पाहिला नाही, आणि मी सत्तर हिवाळे पाहिले आहेत. दुकानातून अंडी आणली की तो खोका दारातच उघडायचा आणि एकेक अंडं कानाशी हलवून बघायचा. रेडिओने उद्या बर्फ पडणार म्हणून सांगितलं, तर अंगणात जाऊन आधी घोड्यांचं मत घ्यायचा. बायको गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगूनही त्याने तिच्या ओठांशी आपल्या चष्म्याची काच धरली होती. बराच वेळ धरली होती.

पण शिकारीत आम्हाला असाच माणूस हवा होता. ऑक्टोबरात एल्क हरणं वरच्या कुरणांतून खाली उतरू लागली, की आमच्यातला प्रत्येक जण गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचा. शंभर यार्डांवर, मातीच्या बांधापुढे, कागदाची जेवणाची ताटली टाचायची. तीन गोळ्या, तीन भोकं. एक जरी बाहेर गेली तरी त्या वर्षी घरी बसायचं. जखमी जनावर रानात कण्हत मरावं, हे एल्डनला सहन होत नसे. नियम त्याचाच. पास झालेल्या ताटलीवर नाव आणि साल लिहून ती डोंगरावरच्या खोपटात ठोकायची. त्याच्या एकेचाळीस ताटल्या तिथे होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्याने व्हर्जिलला घरी बसवलं. व्हर्जिल म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. व्हर्जिल पुन्हा परीक्षेला आला नाही, आणि दोघांचं बोलणंही तुटलं.

त्या ऑक्टोबरात एल्डनने नवी रायफल आणली. जुनी झिजून खिळखिळी झाली होती, म्हणून मुलीने ही पाठवलेली. तशीच लिव्हरची, हाताखालची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस आत. मैदानाची देखरेख माझ्याकडे. मी दुर्बीण मांडून बसलो होतो.

"हे काय आहे?" त्याने रायफल माझ्या नाकापुढे धरली.

"बटण. चुकून गोळी सुटू नये म्हणून."

"माझ्या हातून चुकून काय सुटलंय आजपर्यंत? बटण लिफ्टला असतं. आणि ही कडी बघ, लोण्यासारखी फिरते. इतकी गुळगुळीत वस्तू काहीतरी लपवत असते."

तेवढ्यात व्हर्जिलची गाडी आली. बांधापुढे एल्डनच्या ताटलीशेजारी आपली ताटली टाचून तो शेजारच्या बाकावर आपली कोल्ह्यांच्या शिकारीची, बारीक गोळीची रायफल ठेवू लागला.

"हा कशाला आलाय?" एल्डन मला म्हणाला, पण व्हर्जिलला ऐकू जाईल इतक्या जोरात.

"बंदूक चालवायला. मैदान तुझ्या बापाचं नाही."

"मी चुकतो का ते बघायला आलायस."

"चूक मग. मला वाट नको बघायला लावूस."

एल्डनने कोट काढून त्याची घट्ट गुंडाळी केली आणि रायफलचा पुढचा दस्ता त्यावर टेकवला. पहिली गोळी. भोक ताटलीच्या खालच्या कडेला. त्याने कडी ओढली, रिकामं काडतूस उडून गवतात पडलं. दुसरी गोळी डाव्या कडेला, जेमतेम आत. मग तो थांबला. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले. त्याला शंभर यार्डांवर भोकं दिसत नव्हती, ताटलीसुद्धा नीट दिसत नसावी.

तिसरी गोळी सुटली आणि त्याच क्षणी व्हर्जिलचीही. दुर्बिणीत मला ताटलीच्या उजवीकडे बांधावर धूळ उडालेली दिसली. आणि ताटलीच्या मधोमध एक नवं भोक.

"किती?" एल्डनने विचारलं.

"तीन," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

रायफली उघड्या, रिकाम्या करून बाकावर ठेवल्या, मी लाल झेंडा चढवला आणि आम्ही चालत गेलो. एल्डन आधी आपल्या ताटलीकडे गेलाच नाही. तो व्हर्जिलच्या ताटलीपुढे उभा राहिला. ती कोरी होती.

"तुझी गोळी कुठे गेली?"

"चुकली. म्हातारा झालो."

एल्डनने खिशातून एक काडतूस काढलं. त्याचं टोक त्याने खालच्या भोकात घातलं. बसलं. डाव्या भोकात बसलं. मधलं भोक बारीक होतं; तिथे कागद फाटायला लागला, तसा तो थांबला.

वारा गवतातून खाली येत होता.

"का रे?" शेवटी एल्डन म्हणाला.

"दोन वर्षं खिडकीत बसून तुमच्या गाड्या वर जाताना बघितल्यात," व्हर्जिल म्हणाला. "ते तुला जमणार नाही. तू खिडकीवरसुद्धा संशय घेशील."

एल्डनने मधल्या भोकावरून अंगठा फिरवला. "बरोबर मधे आहे."

"डोळ्याचं ऑपरेशन केलं मागच्या हिवाळ्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विश्वास ठेवला असतास?"

एल्डनने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

मग त्याने आपली ताटली उतरवली, दोनदा घडी घालून शर्टाच्या आत ठेवली आणि तिथे कोरी टाचली. बाकांपाशी परत आल्यावर त्याने तीन काडतुसं व्हर्जिलच्या हातात दिली आणि नवी रायफल पुढे केली.

"तुझ्या त्या काडीने एल्क मरत नाही. हिने मार. तीन."

"आणि तू?"

"मी मोजतो." तो माझ्याकडे वळला. "ऊठ. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

मी उठलो. तो दुर्बिणीला डोळा लावून वाकला, आणि तिसरी गोळी सुटून आवाज डोंगरात विरला तरी वाकलेलाच राहिला. नंतर चालत जाऊन त्याने तिन्ही भोकांत काडतूस घालून पाहिलं. ताटलीवर व्हर्जिलचं नाव लिहिलं, साल लिहिलं, आणि रायफल त्याच्याच गाडीत ठेवली.

"बंदूक बरी आहे," तो म्हणाला. गाडीचं दार लावलं आणि पुन्हा उघडलं. "पण त्या बटणावर लक्ष ठेव."