भाऊजींचा चुकलेला नकाशा

आमच्या भाऊजींइतका शंकेखोर माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण संत्री घेतानाही टोपलीच्या पार तळाशी हात घालत. विक्रेता खेकसला की म्हणत, "वरची तू मांडून ठेवली ना गा! मले न मांडलेली पाह्यची आहेत." निवृत्तीनंतर स्कूटरवर माळोमाळ हिंडून त्यांनी कोणता पक्षी कुठे राहतो याचा नकाशा काढला. त्यावर सगळ्यांचा डोळे मिटून भरवसा.

त्याच भरवशावर बेसा गावाच्या पलीकडच्या मुरमाड माळावर गोदामं उठणार होती. जमिनीवर अंडी घालणारा धाविक पक्षी तिथे नाही, असं नकाशा सांगत होता. गोदामांना परवानगी द्यायची की नाही, याची सोमवारी सुनावणी होती. रविवारी ताईचा फोन आला, "बाबू, हे कालपासून जेवले नाहीत. तू ये."

नंदनवन वस्तीतल्या घरी भाऊजी नकाशा पसरून बसले होते. आदल्या दिवशी त्याच माळाजवळ स्कूटर पंक्चर झाली म्हणून ते जवळच्या वाटेने, तिथल्या वीटभट्टीमागून पायी आले, आणि पायाशीच धाविकाची दोन अंडी दिसली.

"इतकी वर्षं कशी दिसली नाहीत?" मी विचारलं.

"भट्टीवर कुत्रे आहेत. सहा वर्षं मी त्यायले भेऊन सडकेवरूनच पाहून राहिलो, अन् नकाशावर लिहून टाकलं, पक्षी नाही."

"मग उद्या सुनावणीत सांगता काहून?" ताई रडवेली झाली. "लोक हसतील तुमाले."

भाऊजींनी नकाशाची गुंडाळी करून पिशवीत घातली.

सुनावणीत भाऊजींनी उभं राहून अंड्यांची आणि कुत्र्यांची हकीकत सांगितली. सगळं ऐकून सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुमचा बाकीचा नकाशाही चुकीचा असू शकतो?"

मागे कुणीतरी हसलं. भाऊजींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "असू शकतो. जिथे जिथे मी फक्त सडकेवरून पाहिलं, तिथे तिथे."

साहेबांनी नव्याने मोजणी करायला लावली. गोदामं सडकेकडे सरकली आणि भट्टीमागचा माळ राहिला. भाऊजींचा नकाशा मात्र आता कुणी मागत नाही.

परवा सकाळी ते मला त्या माळावर घेऊन गेले. धाविकाची जोडी तुरुतुरु पळत गेली, थबकली, पुन्हा पळाली. "लिहायचं नाही का?" मी हळूच विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "पाहू दे मले."