तिसरीची खाच

मिस्त्रींना त्यांच्या नावाने कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. सगळे त्यांना 'बुडालंमिस्त्री' म्हणत. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की ते चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "बुडालं. सगळं बुडालं." मग उरलेला चहा संपवून रंधा हातात घेत. जग रोज बुडायचं आणि मिस्त्रींचं काम रोज वेळेवर व्हायचं. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा नाद त्यांच्या बायकोने लग्नानंतर पाचेक वर्षांतच सोडून दिला होता.

शाळेचे बाक त्यांच्याच घरातून जात. आधी वडील करायचे, आता ते. कामाच्या खोलीत खिळ्याला वडिलांची एक लाकडी पट्टी टांगलेली होती आणि तिच्यावर पटाशीने सात खाचा पाडलेल्या होत्या, पहिली ते सातवी. पन्नासेक वर्षांपूर्वी, दोन-तीन वर्षांत मिळून, वडिलांनी प्रत्येक इयत्तेतलं मधल्या उंचीचं एकेक मूल भिंतीशी उभं करून त्या पाडल्या होत्या. खाच बघायची की बाक किती उंच, डेस्क किती उंच, सगळं आपोआप निघायचं. तिसरीची खाच खुद्द मिस्त्रींच्या डोक्यावरून घेतलेली होती. पहिलीची त्यांच्या धाकट्या बहिणीच्या.

यंदा शाळेने जुने मोडके बाक काढून टाकले आणि तिसरीसाठी वीस नवे सांगितले. ते पसंत पडले तर बाकीच्या वर्गांचेही मिस्त्रींकडेच येणार होते. मिस्त्री महिनाभर खपले. कोपरे तर इतके घासले की लोण्यावरून हात फिरवल्यासारखं वाटावं. बाक पोचले आणि दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, "बाक लहान झालेत. येऊन बघा."

मिस्त्री पट्टी खांद्यावर टाकून तरातरा गेले. वर्गात पाहतात तो सगळ्या पोरांचे गुडघे डेस्कला अडलेले. निम्मी आडवी बसलेली, पाय वाटेत.

"बाई, ही तिसरी नव्हे," मिस्त्री म्हणाले. "माझी गंमत करायला तुम्ही पाचवी आणून बसवलीय."

"हजेरी घेऊन दाखवू का?" बाई हसल्या. "अहो, जुन्या बाकांवरही ही अशीच वाकडी बसायची. आणि आम्ही इतकी वर्षं ओरडत होतो, सरळ बसा म्हणून. बसणार कशी बिचारी?"

"वर्गातलं सगळ्यांत बुटकं पोर बोलवा."

पोरांनी एकमुखाने 'चिंगी' म्हणून आरोळी ठोकली. दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली आणि पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. तिसरीच्या खाचेच्या बोटभर वर.

"टाचा टेकव गं."

"टेकल्यात की!"

खरंच टेकल्या होत्या. मिस्त्रींनी खाचेवर बोट ठेवलं. "ही माझी आहे," ते पुटपुटले. "मी तिसरीत होतो तेव्हाची."

चिंगीने वळून आधी खाच पाहिली, मग मिस्त्रींना नखशिखान्त न्याहाळलं. "म्हणजे आजोबा, तुम्ही माझ्याहून बुटके होता?"

वर्ग खो खो हसला. मिस्त्रीही हसले, पण कपाळावरची आठी काही जाईना.

बाहेर आल्यावर बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सोमवारपर्यंत काहीतरी करा, मिस्त्री. समितीतले लोक लोखंडी मागवा म्हणताहेत, खालीवर होणारे. मला तुमचेच हवेत. पण मुलं बसली पाहिजेत ना त्यात."

घरी येऊन मिस्त्रींनी आधी पट्टीवरच संशय घेतला. खालून झिजली असेल. टेप लावला, वडिलांच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला. केसभरही फरक नाही. बायको दाराशी उभी राहून हे बघत होती.

"पट्टी बरोबर आहे, बाक बरोबर आहेत," मिस्त्री म्हणाले, "पोरंच चुकलीत."

"चांगली उंच झालीत म्हणायचं, तर चुकलीत म्हणे!"

"अगं, पण होतील कशी? हवेत धूर, पाण्यात काय काय, खातात ते सगळं पाकिटातलं. रोज वाचतो मी. खोटं असतं का ते?"

"खोटं कशाला असेल?"

"मग? आमच्या वेळची पोरं बघ. कशी धडधाकट!"

"तुमच्या वेळची किती होती घरात?"

"आम्ही भावंडं पाच."

"आणि उरलात?"

"दोघं." मिस्त्रींचा आवाज जरा खाली आला.

"उरलेले धडधाकट असणारच," बायको म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, इतकं स्पष्ट बोलायला नको होतं. ती आत गेली.

मिस्त्रींचा अंगठा पट्टीवरून खाली सरकत पहिलीच्या खाचेवर थांबला. त्या वर्षी बहिणीला ताप आला होता. साधाच होता म्हणतात. पुढच्या वर्षी दुसरीच्या खाचेसाठी तिच्या जागी वडिलांनी शेजारची मुलगी उभी केली होती. ही गोष्ट मिस्त्रींना जन्मभर ठाऊक होती. पण 'आमच्या वेळची पोरं' म्हणताना ती कधी मध्ये आली नव्हती. चिंगीच्या वर्गात एकतीस पोरं. सगळीच्या सगळी चौथीत जातील असं बाई किती सहज धरून चालल्या होत्या! आणि तरी वर्तमानपत्रात होतं तेही खरंच होतं. दोन्ही खरं असेल, तर माणसाने सकाळी उठून म्हणायचं तरी काय?

त्यांनी टेप उचलून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन एकतीसच्या एकतीस पोरं मापली. परत येऊन बाकांच्या आणि डेस्कांच्या पायांखाली बसवायचे ठोकळे कापले. रविवारी संध्याकाळी शाळेत शेवटचा ठोकळा बसला. चिंगी खास येऊन बसून गेली आणि गुडघे हलवून म्हणाली, "आता लागत नाही."

मग घरी येऊन मिस्त्री नवी पट्टी करायला बसले. तिसरीची नवी खाच पाडली. बाकीचे वर्ग मापायचे होते, त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवली. बायको चहा घेऊन आली आणि पट्टीकडे बघत राहिली.

"ही जुनीपेक्षा किती लांब केलीत?"

"हात, सव्वा हात असेल."

"सातवीला एवढी लागेल?"

"छे. सातवीला वीतभरच जास्त लागेल."

"मग वरचं कुणासाठी? सगळं बुडालंय ना?"

मिस्त्रींनी पट्टीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं. आपण ती एवढी का ठेवली, हे त्यांना खरोखरच कळेना. हात आपोआप तिथे थांबला होता. त्यांनी करवत उचलली, जास्तीच्या भागावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"बुडालंच आहे," ते शेवटी म्हणाले आणि करवत बाजूला ठेवली.

पट्टी भिंतीला टांगायला गेले, तर खालचं टोक जमिनीला टेकायला लागलं. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. मग स्टूल ओढून वर चढले आणि आणखी वर ठोकण्यासाठी खिळा उपटायला लागले.