गाळणीत अडकलेली स्थळं

स्पॅम म्हणजे काय, हे मी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, किती वेळा समजावलं असेल देव जाणे. पुलगावात त्यांचं कापडाचं दुकान. पायरी चढून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं, मग तो कापड घेवो न घेवो, हा त्यांचा खाक्या. अशा माणसाला आलेली पत्रं परस्पर बाजूला काढणारं यंत्र कसं आवडणार? "कोन्या माणसानं तुले लिहिलं, अन तू न वाचताच फेकून राह्यली. हे बरं दिसते का, बाई?" मी म्हणायचे, "मामाजी, तो माणूस नाही, मशीन आहे." यावर माझी कीव आल्यासारखी मान हलवून ते दुकानात निघून जात.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळी परत यायचं. उरलेल्या वेळात माझा एक बिनपगारी उद्योग होता: मेल सर्व्हरवर बसणारी स्पॅमची गाळणी. ती मी लिहिलेली नव्हती. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी. माझ्याकडे लिनक्ससाठी तिचं पॅकेज बांधायचं काम होतं. नवी आवृत्ती आली की ती कुणाच्याही मशीनवर विनातक्रार बसेल असं करायचं, सुरुवातीची सेटिंग ठरवायची आणि ज्याचं बिघडेल त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या इंग्रजीत असत, त्यामुळे फारशा लागत नसत. पुलगावच्या माडीवर बसून बांधलेली गोष्ट कुठल्या तरी परक्या देशातल्या शाळेत चालते आहे, या आनंदात माझ्या कितीतरी पोळ्या करपल्या.

गाळणी प्रत्येक मेलला गुण द्यायची, पण इथे जास्त गुण मिळवणारा नापास. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत असला, गुण. एकच मेल पन्नास जणांना गेली, गुण. नापास झालेली मेल पुसली जात नसे, स्पॅमच्या वेगळ्या खोक्यात पडून राही. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरही मी हीच गाळणी बसवली होती. जे लोकांना द्यायचं ते आधी आपल्या घरी चाललं पाहिजे, असं माझं म्हणणं.

माझी नणंद, मामाजींची धाकटी लेक, तेव्हा वर्ध्याजवळ सावंगीला नर्सिंग शिकत होती. आम्ही दोघी एकाच गाडीने जायचो. मामाजींनी तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली होती, आणि जमाना बदलला म्हणून माझ्याकडून ईमेलचा पत्ता करून घेऊन तो वधूवर मंडळांत दिला होता. कॉम्प्युटरला ते हात लावत नसत. मेल उघडून वाचून दाखवायचं काम नणंदेचं. रोज संध्याकाळी ते विचारत, "आलं का काही?" ती म्हणे, "नाई बाबा."

असे महिने गेले. एकदा जेवता जेवता ते मला म्हणाले, "पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे. मंग कोनी काऊन इचारून नाई राह्यलं? लोकाईनं आपल्याबद्दल काही सांगतलं का?" ताटातली भाकरी त्यांनी तशीच ठेवली. मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास माझ्याकडे एक तक्रार आली. एका वधूवर मंडळाचा सर्व्हर सांभाळणाऱ्याने लिहिलं होतं की त्यांचे बायोडाटा लोकांना पोहोचतच नाहीत, सगळे तुमच्या गाळणीत अडकतात. सोबत नमुना होता. तो वाचून मी कपाळावर हात मारला. विषयात कॅपिटल अक्षरांत 'मोस्ट अर्जंट'. पगार लाखांत. मुलगा देखणा, निर्व्यसनी. वर जुन्या मराठी फाँटमध्ये गणपतीचं नाव, जे दुसऱ्याच्या मशीनवर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसायचं. खाली भलामोठा फोटो. बिचाऱ्या गाळणीने दुसरं करावं तरी काय? परदेशातल्या एका सहकाऱ्याला मी बायोडाटा म्हणजे काय ते समजावलं, तर त्याने विचारलं, "म्हणजे कुणी न मागता, अनेकांना एकदम पाठवलेली जाहिरातच ना?" व्याख्येने त्याचं बरोबर होतं. तरी मला राग आला. आपल्या लोकांना नावं ठेवायची तर ती मी ठेवीन, हा कोण?

त्याला झणझणीत उत्तर लिहिता लिहिता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मामाजींच्या खात्यातला स्पॅमचा खोका उघडला. लॉटऱ्या आणि औषधांच्या गर्दीत स्थळं दाटीवाटीने बसली होती. नागपूरचं, यवतमाळचं, एक तर थेट पुण्याचं. लॉटऱ्यांना कुणी हात लावलेला नव्हता. स्थळं मात्र एकूणएक उघडून वाचलेली होती आणि तिथेच ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी नणंदेला विचारलं. ती दचकली नाही. "मी काही नाई केलं, वहिनी. तुमच्या गाळणीनंच टाकले ते. मी फक्त बाहेर नाई काढले." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले कोर्स पूर्ण करायचा आहे. लग्न झाल्यावर शिकवतो म्हन्तेत सगळेच. मोठ्या ताईलेबी तसंच म्हनलं होतं. तिचे पुस्तकं अजून आपल्या माळ्यावर आहेत."

माझा जीव कात्रीत सापडला. गाळणीची दुरुस्ती न करावी तर कुठल्या कुठल्या घरी आईबाप वाट बघत बसलेले. करावी तर आमच्या घरी वरात दारात. मी तिला म्हटलं, "रविवारी मी नवी आवृत्ती सोडणार. मग स्थळं खोक्यात अडकायची नाहीत, आणि तुझं 'नाई बाबा' सरळ खोटं ठरेल. त्याच्या आधी बाबांशी बोल." तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि वर्धा येईपर्यंत त्यातच डोकं घातलं.

शनिवारी संध्याकाळी मामाजींपुढे चहा ठेवून तिने सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आपल्या लेकीला इतक्या लोकांनी विचारलं होतं हे कळताच त्यांचा चेहरा खुलला, तो मी पाहिला. लगेच पडला, तोही पाहिला.

"अन आपन कोनालेच उत्तर नाई देल्लं?"

"नाई, बाबा."

चहा तसाच राहिला. मग त्यांनी उठून कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढली. "बस. लिही. आपलं स्थळ मियालं. उत्तर द्याले उशीर झाला, माफी असावी. मुलगी सध्या शिकून राह्यली."

ती टाइप करू लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कधीपर्यंत ते लिहू, बाबा? लोकं इचारतीन."

"तारीख कायले लिहितं? लिही, तिचं झालं की ती सांगन, मंग आमी कळवू."

तिने खालमानेने लिहिलं. ते म्हणाले, "वाच आता." तिने वाचून दाखवलं: मुलगी शिकत आहे, शिक्षण झालं की आम्ही कळवू.

"ती सांगन, हे राह्यलं," मामाजी म्हणाले. "ते लिही पहिले."