अपूर्वाच्या नावाची साखर

आमच्या घरात साखरेचे चार डबे भरून हैत आणि खाणारं कोण न्हाय. ह्यांना डायबेटीस, मला गोड आवडत न्हाय, आणि जिच्या नावानं ती साखर येती ती पोरगी बसलीय अमेरिकेत. तरी दर तीन महिन्यांनी आमचे हे पिशवी काखेत मारून कागलच्या एसटीत बसत्यात, कारखान्याच्या दुकानापुढं रांगेत उभे ऱ्हात्यात आणि सभासदाची स्वस्त साखर घेऊन घरी येत्यात. मुंग्यांशी भांडायचं मात्र मी.

हे म्हणजे अण्णासो मगदूम. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पण आता अख्खी गल्ली अण्णासो, अण्णासो करती, तर मीच कशाला मागं ऱ्हाऊ? हायस्कुलात हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर बाकीची माणसं सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जात्यात, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरत्यात. ह्यांनी लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्नं भरायला घेतली. तीपण फुकट! जून लागला की आमच्या बाहेरच्या खोलीत पेन्शनर मास्तरांची जत्रा. "या पावणं, बसा की," हे म्हणणार, आणि आतनं च्या कोण आणणार? त्रिशलाबाई. एका मास्तरांनी तर गेल्या साली मला सांगितलं, वहिनी, आलं जरा जास्त टाका. मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना घेऊनच या.

पण खोटं कशाला बोलू, पगारदार न् पेन्शनरांचा तो सहज नावाचा फॉर्म असतोय, त्यात आमच्या माणसाचा हात धरणारा कोण न्हाय. एक खोड तेवढी वाईट. एक काम हाताला बसलं की जगातली सगळी कामं तशीच असत्यात, असं ह्यांना वाटतं. आणि सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

अपूर्वा आमची एकुलती एक. दोन वर्षांमागं शिकायला अमेरिकेला गेली. तिथं कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार तास काचेच्या नळ्या धुती, त्याचा पगार मिळतो, तो तिथल्या बँकेत जातो. इकडं सासूबाईंनी तिच्या नावावर ठेवलेली एक ठेव हाय. तिच्या व्याजातनं बँक टॅक्स कापून घेती, तो परत मागायला पोरीचं इथलं रिटर्न भरावं लागतं. ते अर्थातच ह्यांच्याकडं.

तिकडचं रिटर्न एप्रिलात असतंय. पहिल्याच वर्षी तिनं फोन केला, "आप्पा, मला इथलं पण भरायचंय, परदेशी विद्यार्थ्यांचा फॉर्म वेगळा हाय." झालं! माणूस असा खुलला की काय सांगू. "पाठव, पाठव, मी बघतो." त्या फॉर्मची छापील पानं घेऊन बसले. चष्मा वर, चष्मा खाली. "ह्यात विम्याची सूट कुठं दाखवत्यात?" असं मलाच विचारायला लागले. मला काय माहीत? मी अमेरिकेच्या सरकारात कामाला हाय का? शेवटी पोरीनं कॉलेजच्या साईटवर बसून आपलं आपण भरलं. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं घाईघाईनं तिथल्याच लोकांचा फॉर्म भरला होता, ते निस्तरता निस्तरता बिचारीच्या नाकी नऊ आले.

फोनवर अपूर्वा हसत हसत म्हणाली, "आई, इथल्या कागदावर मला काय म्हणत्यात माहिताय का? नॉनरेसिडेंट एलियन."

"एलियन म्हणजे ते सिनेमातलं? मोठ्या डोळ्यांचं?"

"व्हय, तेच. परग्रहावरचं."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे हसले न्हाईत. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ते तिला आपली म्हणत न्हाईत ना? लई बरं झालं. ती आपलीच हाय." ते वाक्य मी तवाच पकडायला पायजे होतं.

यंदा जुलैत पेन्शनरांची रिटर्नं भरता भरता ह्यांनी पोरीचंही सहजमध्ये भरून टाकलं. राहणार कुठली? भारतातली रहिवासी. ह्यांच्या थोरल्या भावाचा पोरगा वृषभ टॅक्सचंच काम करतो, शाहूपुरीत ऑफिस हाय त्याचं. तो घरी येऊन सांगून गेलता, "काका, अपूर्वाचं माझ्याकडं द्या. वर्षभर बाहेर असणाऱ्याचं वेगळं असतं, त्याला सहज चालत न्हाय." तर हे म्हणतात कसे, "माझ्या पोरीचं रिटर्न मी भरायचं न्हाय तर काय गल्लीनं भरायचं?" वृषभनं माझ्याकडं बघत चपला घातल्या. सांगणार कोण आणि कुणाला?

डिसेंबरात मोबाईलवर इन्कमटॅक्सचा मेसेज आला. अपूर्वाच्या नावाचा, पण आमच्या घरात सगळीकडं नंबर ह्यांचाच दिलेला. गॅसला ह्यांचा, दूध संस्थेला ह्यांचा, पोरीच्या रिटर्नालाही ह्यांचा. त्या माणसानं मला तीन-चार दिवस पत्ता लागू दिला न्हाय. सकाळी बस्तीत गेले न्हाईत, ताटातली भाकरी अर्धी सोडायला लागले, तवा मी मोबाईल हिसकावून घेतला आणि वृषभला वाचून दाखवला.

"काकू," तो म्हणाला, "तिचं तिकडं बँकेत खातं हाय, हे सरकारला तिकडनं कळलंय. काकांनी तिला इथली रहिवासी लिहिलंय. इथल्या रहिवाशानं बाहेरचं खातं दाखवलंच पायजे, न्हाय दाखवलं तर काळ्या पैशाच्या कायद्यानं दंड बसू शकतो. पण घाबरू नका. ती इथली रहिवासी न्हायच मुळात. ह्या महिन्याच्या आत सुधारित रिटर्न भरायचं, अनिवासी म्हणून. विषय संपला."

विषय कसला संपतोय! पोरीला सांगावंच लागलं. ती फोनवर असली तापली की बाप रे. "आप्पा, मी इथं नळ्या धुती! हाताची कातडी सोलून निघालीय माझी! आणि माझ्यावर काळा पैसा? उद्या नोकरीला अर्ज करायचाय मला, तवा कुणी विचारलं तर काय सांगू, माझ्या बापानं हट्टानं घोळ घातला म्हणून?" आणि रडायला लागली. एवढ्या लांब पोरगी रडती आणि डोक्यावरनं हात फिरवता येत न्हाय, ह्याच्यासारखं वाईट काय न्हाय. मला तर ह्यांचा असला राग आलता!

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता वृषभकडं जावा."

"ती इथं राहत न्हाय असं मी लिहिणार न्हाय."

"अवो, राहत न्हायच की!"

"रेशनकार्डात नाव हाय. मतदार यादीत हाय. कारखान्याच्या सभासदात हाय. दर तीन महिन्यांनी तिच्या नावची साखर मी सही करून आणतोय. परक्या माणसाला कारखाना साखर देतोय का?"

"कारखान्याला काय कळतंय, ती साखर पोरीच्या पोटात जाती का मुंग्यांच्या!"

त्यावर उठून बाहेर गेले. मी मागनं बोलत बसले, भिंतीशी. संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आलती. पण ती साखर कुठली हे मला माहीत हाय, म्हणून जीभ आवरली. सासरे वारले तवा कारखान्याचा त्यांचा शेअर ह्यांनी अपूर्वाच्या नावावर चढवला. भावकीनं तोंडं वेंगाडली. पोरगी ती, उद्या जाणार, शेअर कशाला वाया घालवतोस, असं भर पंगतीत म्हणाले. हे कधी नव्हे ते ओरडले होते, "जाईल कुठं?" तेव्हापासनं प्रत्येक पिशवी घरी आली की डब्यात ओतताना हे मोठ्यानं म्हणत्यात, "अपूर्वाची." कोण ऐकतंय? मीच.

नाताळ झाला. महिना सरत आला. रोज मी एकदा बोलायची, रोज हे एकदा पेपर तोंडापुढं धरायचे. एकदा स्वतःच लॅपटॉप उघडून बसले. मला वाटलं, सुटलो! तर ती साईट गोल गोल फिरायला लागली. फिरली फिरली आणि बाहेर टाकलं. परत आत गेले, परत बाहेर. "बघ," मला म्हणत्यात, "सरकारलापण नको हाय." मी लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातनं आले. ह्यांनी लॅपटॉप मिटला.

शेवटी वृषभच आला आणि हात धरून घेऊन गेला. "काका, तुम्ही लिहू नका, मी लिहितो. तुम्ही नुसतं शेजारी बसा." आमचं जेवण दिवस मावळायच्या आत असतंय, ते उरकूनच गेले. मी घरी थांबले, कारण रिटर्न पक्कं करायचा ओटीपी घरी येणार होता. तिच्या आधारला जोडलेला नंबर तिचा जुना, कॉलेजातला. ते सिम एका जुन्या मोबाईलात घालून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवलंय. बॅटरी मेलीय त्याची, चार्जर काढला की बंद, म्हणून तो कपाटातनं हलवता येत न्हाय. दर महिन्याला हे त्यात रिचार्ज टाकत्यात. मी कितीदा म्हटलं, कशाला पैसे घालताय, कोण फोन करतंय त्याच्यावर? "नंबर दुसऱ्याला देत्यात, बंद पडला की," एवढंच म्हणायचे.

तिकडं काय झालं ते मला वृषभनं सांगितलं. गेल्या वर्षी अपूर्वा इथं कितीदा आली, हे लिहायचं होतं. ती आलती चुलत बहिणीच्या लग्नाला, तीन आठवडे. हे म्हणाले, "तीनच व्हय? लई दिवस होती ती." वृषभनं पासपोर्टच्या शिक्क्यांचा फोटो पुढं केला. मग ह्यांनी तिथनंच पोरीला व्हिडिओ कॉल लावला. तिथं सकाळ होती, ती केस विंचरत होती.

"अपूर्वा, तिथं तू एप्रिलात काय लिहिलंस? तिथली न्हाय म्हणून?"

"व्हय आप्पा."

"आणि इथं मी लिहायचं इथली न्हाय म्हणून. मग बाळ, तू ऱ्हातीस कुठं? दोन सरकारं हैत, एकपण आमची हाय म्हणत न्हाय."

वृषभ म्हणाला, पोरीनं कंगवा खाली ठेवला. मग म्हणाली, "आप्पा, इथलं लिहिताना मला काही वाटलं न्हवतं. म्हटलं, घर हाय की आपलं तिकडं. तुम्ही लिहा. कागदावर लिहिल्यानं घर जात न्हाय. पण साखर आणायची थांबवू नका."

ह्यांनी वृषभला विचारलं, "शेअर ऱ्हातोय ना तिच्या नावावर?"

"काका, त्याचा ह्याच्याशी काय संबंध न्हाय. शेअर ऱ्हातोय, साखर येतीय."

मग ह्यांनी वृषभला बाजूला सारलं आणि अनिवासी हा पर्याय स्वतःच्या बोटानं दाबला. दुसऱ्यानं लिहिलेलं ह्यांना चालत न्हाय ना!

इकडं मी कपाट उघडून उभी. मोबाईलात टुंग झालं. माझ्या मोबाईलवर ह्यांचा फोन आला, "आला का? वाच."

मी चष्मा पुसला. सहा आकडे, मराठी शाळेतलं पोरगंपण वाचंल. पहिले तीन सांगितले आणि पुढचे सोडून मी काचेकडंच बघत ऱ्हायले. महिनाभर मी ह्या माणसाला शिव्या घालत होते, हट्टी म्हणून, घोळ घातला म्हणून. आणि शेवटचे तीन आकडे मलाच सांगवंनात. त्या मोबाईलच्या काचेवर पोरीचा जुना फोटो हाय, बारावीतला, दोन वेण्या घातलेला. तो मी त्या दिवसापर्यंत बघितलाच न्हवता, कारण कपाट उघडायचे हेच.

"त्रिशला?" लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मला नावानं हाक मारायची ह्यांची सवय न्हाय. "आकडे सांग, वेळ जाईल त्याची."

"परत मागवा," मी म्हटलं. "नीट दिसला न्हाय."

दुसऱ्यांदा आला तवा सगळे सहा एका दमात सांगितले. पलीकडनं हे म्हणाले, "झालं." वृषभ म्हणाला, "झालं काकू, काळजी मिटली." मी हो हो म्हटलं आणि कपाट लावलं. चार्जर तसाच ठेवला.

नव्या वर्षात साखरेची पाळी आली. हे सकाळीच पिशवी काढून झटकायला लागले आणि माझ्याकडं बघायला लागले, आता ही काय बोलती म्हणून. डबे चारी भरलेले होते. मी एका डब्यातली साखर दोन पातेल्यांत उपसली, डबा घासला, पुसला आणि उन्हात ठेवला.

"लवकर जावा," मी म्हटलं, "रांग वाढती. आणि तिच्या नावापुढं सही करताना नीट करा, तुमची सही आजकाल वाचता येत न्हाय."