मंडईआधी ठोकलेला माळा

माझ्या सासऱ्यांना कुणालाही नाही म्हणता येत नाही. मुखरूमामाजी त्यांचं नाव. स्वभाव गरीब, असं सगळं गाव कौतुकानं सांगतं. गावाला काय जातं सांगायला, घर मला चालवावं लागतं.

आमचं गाव आरमोरीच्या जवळ. इकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात, प्रत्येक घरी पाहुण्यांची पंगत उठते आणि रात्रभर नाटक चालतं. मामाजींनी उभा जन्म या नाटकात घालवला, पण पडद्यामागे. हातात वही धरून बसायचं आणि नट अडखळला की हळूच पुढचं वाक्य सांगायचं. टाळ्या नटाला. मामाजी सकाळी डोळे चोळत घरी येणार आणि म्हणणार, नाटक मस्त झालं.

मी बल्लारपूरची. लग्नाआधी आमच्या कॉलनीतल्या बायका माझ्याकडेच ब्लाउज शिवायच्या. फिटिंगला कुणी नाव ठेवलं नाही कधी. सासरी येताना शिलाई मशीन सोबत आणली आणि आणली तशी ती मागच्या खोलीत गोणपाटाखाली गेली, कारण उघडायला जागाच नव्हती. ओसरीवर धूळ आणि शेळ्या, मधल्या घरात चूल, आणि मागच्या खोलीत अख्ख्या घराचा पसारा. धानाची पोती, ताडपत्र्या, सुपं, टोपल्या, फवारणीचा पंप. हे तरी घरचं. पण नाटक मंडळाचे जुने पडदे आणि राजाचं लाकडी सिंहासनसुद्धा आमच्याकडेच. मंडळानं विचारलं, कुठी ठेवायचं, मामाजी म्हणाले, आमच्या घरी ठेवा. त्या सिंहासनावर आजवर कोंबडीशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नाही.

उपाय साधा होता. खोलीच्या वर माळ्याचे वासे आधीपासून होते, फक्त फळ्या नव्हत्या. फळ्या ठोकल्या की अर्धं सामान वर गेलं असतं आणि खिडकीपाशी माझी मशीन बसली असती. बांधावरचा आंबा वादळात पडला तेव्हा मी नवऱ्याच्या, अजयच्या मागे लागून त्याच्या फळ्या चिरून आणवल्या. भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या. वाळल्या, आता सुतार बोलवायचा, तोवर मंडई आली आणि मंडळाची माणसं दारात उभी राहिली. पडदे आणि लाईट बाहेरून येणारी नाटक कंपनी आणते, पण खालचा स्टेज गावाला बांधावा लागतो. मामाजींनी माझ्या फळ्या दिल्या. नुसत्या दिल्या नाहीत, पोचवूनही आले.

परत आल्या त्या खिळ्यांची भोकं पडून, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी रंगून. एक तर मधोमध तडकलेली. मी घासून धुतल्या, पुन्हा वाळवल्या. पण सुताराला गावात कामं भरपूर आणि मामाजी म्हणणार, त्यांचं होऊ दे आधी. असं करत पुढची मंडई आली आणि फळ्या पुन्हा गेल्या. अजयला बोलले तर तो म्हणतो, बाबाले तूच सांग. म्हणजे बापाला लोकांपुढे तोंड उघडता येत नाही आणि लेकाला बापापुढे. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

यंदा मामाजी दिवाळीनंतर लेकीच्या गावी, जिवतीला गेले आणि मी त्याच दिवशी पत्रू सुताराला घरी आणून बसवला. खिळे नको म्हटलं, खिळे उपटतात. वाशांना भोकं पाडून नटबोल्टनं आवळून घेतल्या फळ्या. पडदे, सिंहासन, पंप, टोपल्या, सगळं वर चढवलं. राहिलेली धानाची पोती ओसरीत रचली. खोली सारवली. मशीनला तेल दिलं, नवा पट्टा चढवला. शेजारच्या रीताबाईनं मंडईत घालायला म्हणून ब्लाउजपीस आणून दिलं, मग तिच्या जावेनं, मग आणखी दोघींनी. सासरी आल्यापासून इतकी खूश मी कधी झाले नव्हते.

मामाजी आले. बराच वेळ वर पाहत राहिले आणि मजबूत झालं म्हणाले. मंडळाची माणसं आली तेव्हा मी मुद्दाम दाराआड उभी राहून ऐकलं. मामाजींनी माळा दाखवला, बोल्ट दाखवले, माणसं हळहळत गेली. मामाजी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मंडईच्या तोंडावर खोली रिकामी करायची नसते, हे बल्लारपूरच्या पोरीला कोण सांगणार? मंडईच्या दिवशी दुपारी मी रीताबाईच्या ब्लाउजला बाही लावत होते, तर दारात कंपनीची गाडी थांबली. दोन नट्या पेट्या घेऊन उतरल्या. एक तरुण, एक वयस्क. मामाजींनी रस्त्यावर उभ्या उभ्या मंडळाला सांगून ठेवलं होतं की फळ्या नाही जमल्या, पण आमची खोली रिकामी आहे, बायांची सोय आमच्याकडे करा.

मामाजी खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "सूनबाई, दोनच दिवसाचा सवाल हाये."

"मी उठणार नाई मामाजी," मी म्हटलं. "बायांचे ब्लाउज आज द्यायचे हायेत. तुमीच सांगा त्याईले, खोली खाली नाई म्हणून."

मी पाय थांबवला नाही, मशीन चालूच ठेवली. मामाजी त्या बायांकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा माणूस, आणि मीच मनातल्या मनात त्यांना शब्द देत होते. म्हणा मामाजी, नाही म्हणा, एकदा तरी म्हणा.

"या बाई, या," मामाजी म्हणाले आणि त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेले. ओसरीला लागून त्यांची एका खाटेची खोली आहे, ती देऊन टाकली. मग गोधडी आणि उशी काखेत मारून माझ्या खोलीत आले आणि माळ्याची शिडी चढायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे. प्रत्येक पायरीला श्वास घेत होते. माझी शिवण वाकडी गेली.

वर गोधडी अंथरल्याचा आवाज आला. पडद्यांची धूळ माझ्या कापडावर पडली.

मला राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. ज्या माळ्यासाठी मी इतकी वर्षं भांडले, त्यावर हा म्हातारा जाऊन झोपला होता आणि खाली मी मशीन चालवत बसले होते. आलेगेले पाहुणे बघणार, सून कशी आहे ते गावभर होणार. मी शिडीशी गेले.

"मामाजी, खाली या. झोपा इथीच खोलीत, मी मशीन ओसरीवर घेतो."

"नाई," वरून आवाज आला.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला नाही म्हटलं, आणि म्हटलं ते मला.