मामांचं उघडं कपाट

माझ्या थोरल्या मामांइतका लाजरा माणूस महाडपासून आंबेनळीच्या माथ्यापर्यंत झाला नसेल, आणि तरीही चावट म्हणून अख्ख्या पोलादपुरात नाव झालं ते त्यांचंच. हे दोन्ही एका माणसाने जमवायचं म्हणजे सोपं काम नव्हे. घरात टीव्हीवर कुटुंबनियोजनाची जाहिरात लागली की मामांना हटकून तहान लागायची. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायचा आग्रह झाला तेव्हा 'आलोच' म्हणून जे उठले ते एसटी स्टँडवर सापडले. मामीला दिवस गेल्याची बातमी त्यांनी आजीला 'आता दूध थोडं जास्त घ्यायला हवं' अशा शब्दांत दिली, आणि आजीने त्या दिवसापासून इमानेइतबारे सगळ्यांच्या चहात दूध वाढवलं.

अशा माणसाने वाचनालयाचा कारभार हाती आल्यावर पहिलं काम काय करावं? तर मागच्या खोलीतल्या बंद कपाटाचं कुलूप काढलं. त्यात शरीरसंबंधांवरची सचित्र शास्त्रीय पुस्तकं होती आणि ज्यांच्यात शास्त्राचा लवलेशही नाही अशा शृंगारिक कादंबऱ्यांची चळतही होती. शास्त्रीय तेवढी ठेवा, असं मी सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, "मोठी माणसं आहेत. त्यांनी काय वाचावं हे ठरवणारा मी कोण? आणि वाईट पुस्तकाने माणूस एवढा झटकन बिघडत असता, तर चांगली वाचून आपलं गाव कधीच सुधारलं असतं." अठरा पूर्ण असल्याशिवाय त्या खोलीत प्रवेश नाही, हा त्यांचा नियम मात्र कडक, मिसरूड विरळ दिसलं की ते जन्मदाखला मागत. वाडीवरून बाजाराला येणाऱ्या बायांना पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून मिळे आणि ते भाजीच्या पिशवीत तळाशी जाई. देताना मामा खिडकीबाहेर महाबळेश्वरच्या गाड्या बघत बसायचे आणि न बघताच शिक्का मारायचे. तो पुष्कळदा स्वतःच्याच अंगठ्यावर बसायचा. संध्याकाळी मामी आधी अंगठा बघायची आणि म्हणायची, "आज गर्दी होती वाटतं."

मग कुणाच्या तरी घरी सासऱ्यांच्या हाती त्यातल्या एका पुस्तकातलं चित्र लागलं आणि बोंब झाली. वाचनालयाच्या समितीची सभा भरली. "वाचनालयात हे धंदे?" एकाने विचारलं. "मोबाइलवर सगळं असताना पुस्तकं कशाला?" दुसरा म्हणाला. मामा उभे राहिले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं किती होतं ते मला ठाऊक होतं; पण 'त्या विषयाची... लोकांना... गरज...' एवढंच बाहेर पडलं, कान लाल झाले आणि ते पाणी प्यायला निघून गेले. तेवढ्यात ठरलं, की न वाचता निर्णय घेणं बरं नव्हे, तेव्हा सभासदांनी पुस्तकं तपासायला घरी न्यावीत. कपाट त्याच दिवशी रिकामं झालं. समितीने आजवर इतक्या हौसेने कुठलंच काम केलं नव्हतं. पुढच्या सभेत ही पुस्तकं वाचनालयात नकोत असा ठराव एकमताने झाला, पण ती परत मात्र कोणीच आणली नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून तपासतोय." कपाटात आता स्पर्धा परीक्षांची गाइडं आहेत. मला आधी संताप आला, मग हसू आलं, आता दोन्ही येईनासं झालंय. आपल्याकडे हे असंच चालणार याची एकदा खात्री पटली की माणूस फार थकतो.

परवा मी वाचनालयात बसलो होतो. वरच्या वाडीतली एक बाई घाम पुसत टेबलाशी आली. "भाऊ, पोरीचा लगीन ठरलाय. माझ्या जावेला दिला व्हता तुमी, ताच पुस्तक द्या."

"ते नाही आता इथे," मामा म्हणाले.

"नाय कसा? मी त्याच्यासाठीच उतरून आलेय. माझ्या लग्नात मला कोणी काय सांगितला नाय, भाऊ. लय भ्यायले व्हते मी. पोरीचा तसा नको व्हायला."

मामांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर बसले. "सांगतो," ते म्हणाले. "म्हणजे असं की... नवरा-बायको..." त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ती मान खाली घालून मनापासून ऐकायला बसली होती. मामांच्या कपाळावर घाम आला, पण पुढचा शब्द काही आला नाही. शेवटी तिलाच त्यांची दया आली.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," पिशवी उचलत ती म्हणाली. "आमचा निभावला, तिचा पन निभंल."

ती निघाली तसे मामा दारापर्यंत गेले आणि परत येऊन त्या रिकाम्या बाकासमोर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुस्तक होतं ना, तोवर मला बोलावं लागत नव्हतं रे."