वाकलेली झाकणं आणि फिलू

फिलू गेली ही बातमी आमच्या सातिवलीच्या कारखान्यात आधी मालकांना कळली, मग गेटवरच्या वॉचमनला आणि सगळ्यात शेवटी मला. हार्ट अटॅक आला होता. इतकी वर्षं एका प्रयोगशाळेत, एका टेबलावर डबा उघडून जेवणारी मैत्रीण मी… आणि मला सांगितलं वॉचमनने! रडू यायच्या आधी रागच आला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही. मी तिच्यावर जळायचे, एवढंच सांगते. आणि हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

आम्ही दोघी केमिस्ट. मी तुळिंजच्या फ्लॅटमधून यायचे, ती वसईच्या वाडीतून, केसांत घरचा मोगरा माळून. दोन प्लास्टिकं वितळवून मिसळायची आणि त्या मिश्रणाचे दाणे विकायचे, हा कारखान्याचा धंदा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कामणच्या एका गोदामातून तक्रार आली. आमच्या दाण्यांपासून केलेली डब्यांची झाकणं साच्यातून सरळ निघायची आणि नंतर पडल्यापडल्या वाकायची. मला वाटलं, मिश्रण उष्णता सोसत नाही. मी उष्णतेत टिकवणारं रसायन वाढवून पाहिलं, पण झाकणं वाकायची ती वाकलीच. फिलूने मात्र ताजी झाकणं खिडकीत मांडून ठेवली आणि रोज पट्टी लावून बघत बसली. काही दिवसांनी म्हणाली, "अगं, हे गार झालंय, पण अजून बसलं नाहीये. आत स्फटिक होतायत, म्हणून आक्रसतंय."

"मग काय, त्याला थोपटून झोपवायचं?" मी.

"साच्यातच उरकून घ्यायचं. स्फटिकांना धरायला काहीतरी देऊ या."

तिने शंखजिऱ्याची, टाल्कम पावडरीत असते तीच, बारीक पूड मिसळली. त्या कणांभोवती स्फटिक झटपट धरले आणि झाकणं सरळ राहिली. मालकांनी पेढे वाटले आणि प्रयोगशाळेची मुख्य म्हणून फिलूचं नाव जाहीर केलं. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की तो पेढा मला तोंडात घालवेना. मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. फिलूने पाहिलं. "मुंग्या होतील हं," म्हणाली आणि खुशाल हसली.

आता ती जागा मला मिळाली आहे. ती गेल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये झालेल्या मिस्सानंतर परवा नव्या केमिस्ट मुलीला मी हेच स्फटिकांचं प्रकरण अगदी मन लावून समजावलं. ती भारावून म्हणाली, "फिलू मॅडमही अस्संच सांगायच्या!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर चप्पलही न काढता मी फिलूच्या घरचा नंबर फिरवला… तिच्याशीच भांडायला. फोन तिच्या आईने उचलला.

मी म्हटलं, "आई, मला फिलूचा फार राग आलाय."

त्या म्हणाल्या, "सगळी येऊन रडून गेली गो बाय. भांडाया तू एकटीच आलीस."

ते ऐकून मला फार बरं वाटलं.